पाच महिने, मग चोवीस महिने: अमेरिकेत आजारपणाने काम सुटलं तर पैसे आणि मेडिकेअर कधी मिळतं

अमेरिकेत नोकरी करणाऱ्याच्या पगारचिठ्ठीवर बहुधा 'ओएएसडीआय' नावाची एक कपात दिसते. पगाराच्या ६.२ टक्के, आणि तेवढेच पैसे कंपनी वेगळे भरते. आपल्यातले बहुतेक जण ही म्हातारपणाच्या पेन्शनची कपात समजतात. ती आहेच, पण त्या पाच अक्षरांतला 'डी' डिसॅबिलिटीचा आहे. ऐन उमेदीत एखाद्या आजाराने किंवा अपघाताने असं गाठलं की काम करणंच अशक्य झालं, तर त्यासाठीचा विमाही आपण दर पगाराला भरत असतो. त्यातून मिळणाऱ्या पैशाला एसएसडीआय म्हणतात.

विमा भरलाय म्हणजे काम सुटलं की पैसे सुरू होतील, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. अपंगत्व सुरू झाल्यावर पाच पूर्ण महिने कोरडे जातात. त्यानंतर पैशाचा हक्क सुरू होतो. आणि मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, त्या हक्काचे चोवीस महिने भरल्यावर मिळतो. पाच अधिक चोवीस, एकोणतीस महिने. ज्या काळात माणसाला डॉक्टर, तपासण्या, औषधं सगळ्यात जास्त लागतात, नेमका तोच काळ.

हे एकोणतीस महिने बहुतेकांना टाळता येत नाहीत. पण ते कोणत्या दिवसापासून मोजायला लागतात, हे पुष्कळदा आपण कधी अर्ज करतो आणि आपल्या कागदांत काय लिहिलेलं आहे यावर ठरतं. तिथे लोकांचं विनाकारण नुकसान होतं आणि ते मला फार लागतं, म्हणून हा सगळा हिशोब नीट मांडते आहे.

आधी पात्रतेबद्दल थोडक्यात. हा विमा चालवणाऱ्या सरकारी यंत्रणेची, म्हणजे सोशल सिक्युरिटीची, अपंगत्वाची व्याख्या कडक आहे. आजार किंवा इजा किमान बारा महिने टिकणारी, किंवा जिवावर बेतणारी हवी, आणि तिच्यामुळे ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमाई करण्याजोगं काम जमता कामा नये. २०२५ साली ही रक्कम महिन्याला १,६२० डॉलर होती (अंध व्यक्तींसाठी २,७०० डॉलर). अर्धवट किंवा थोड्या दिवसांच्या अपंगत्वाला इथे जागा नाही. शिवाय कामाची क्रेडिट्स, म्हणजे कपात भरून केलेल्या कामाचे जमा होणारे गुण, लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. साधारण नियम चाळीस क्रेडिट्सचा, त्यातली वीस गेल्या दहा वर्षांतली. वय कमी असेल तर कमी चालतात. चोवीस वर्षांच्या आत अपंगत्व आलं तर आधीच्या तीन वर्षांतली सहा पुरतात.

कॅलेंडर घेऊन बसा

हा हिशोब तोंडी समजत नाही, कॅलेंडरची पानं उलटत करावा लागतो. समजा, एका बाईचं काम १४ मार्च २०२५ ला सुटलं आणि १५ मार्चपासून तिचं अपंगत्व सुरू झालं असं धरलं गेलं. मार्च अर्धा आहे, तो मोजला जात नाही. नियमाला पूर्ण कॅलेंडर महिने लागतात. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट हे पाच महिने थांबण्याचे. त्यांचे पैसे पुढेमागेही मिळत नाहीत, ते गेले ते गेले. हक्क सुरू होतो सप्टेंबर २०२५ पासून. एसएसडीआयचे पैसे महिना संपल्यावर पुढच्या महिन्यात येतात, म्हणजे सप्टेंबरचे पैसे हातात पडायचे ऑक्टोबरात.

आता मेडिकेअर. सप्टेंबर २०२५ हा हक्काचा पहिला महिना, ऑगस्ट २०२७ हा चोविसावा. मेडिकेअर सुरू १ सप्टेंबर २०२७ ला. काम सुटल्यापासून अडीच वर्षं होत आली.

यात एक बारीक गोष्ट आहे. अपंगत्वाची तारीख महिन्याची पहिली असेल, तर तो महिना पूर्ण धरतात. दुसरी असेल, तर तो अख्खा महिना वाया जातो. वरच्या उदाहरणात १५ मार्चऐवजी १ मार्च तारीख ठरली असती तर पैसे एक महिना आधी सुरू झाले असते आणि मेडिकेअरही १ ऑगस्ट २०२७ ला मिळालं असतं. म्हणून ही तारीख, जिला तिथले लोक 'ऑनसेट डेट' म्हणतात, अर्जातल्या बाकी कुठल्याही रकान्यापेक्षा मोलाची आहे.

अर्जात आपण जी तारीख लिहितो ती आपला दावा असतो. राज्य पातळीवरची एक कचेरी, डिसॅबिलिटी डिटर्मिनेशन सर्व्हिसेस, डॉक्टरांची कागदपत्रं वाचून आपली तारीख ठरवते आणि ती पुष्कळदा नंतरची असते. कारण साधं असतं: मार्चमध्ये काम सुटलं, पण तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळाली जुलैत, आणि कागदावर पहिली ठोस नोंद जुलैची. चार महिने हातचे गेले. म्हणून काम सोडायच्या आसपास डॉक्टरांना भेटणं आणि 'मला किती वेळ बसता येतं, हात किती उचलतो, दिवसातून किती वेळा आडवं व्हावं लागतं' हे त्यांच्या नोंदीत लिहिलं जाईल असं बघणं फार गरजेचं आहे. नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. त्या आजारामुळे काय करता येत नाही, हे कागदावर लागतं.

मंजुरीचं पत्र आलं की सगळ्यांचे डोळे रकमेवर जातात, आणि ते साहजिक आहे. पण त्याच पत्रात अपंगत्व कोणत्या तारखेपासून धरलं आणि हक्क कोणत्या महिन्यापासून, हेही लिहिलेलं असतं. ते दोन आकडे आपल्या कॅलेंडरशी ताडून बघा. तारीख चुकीची वाटली तर पत्र मिळाल्यापासून साठ दिवसांत अपील करता येतं. मात्र अपील केलं की नुसती तारीखच नव्हे, सगळाच निर्णय पुन्हा तपासला जाऊ शकतो. त्यामुळे जाणत्या वकिलाशी बोलून मगच पाऊल उचलावं.

अर्ज उशिरा केला तर

हे वाचून 'आधी बघू बरं वाटतंय का, नाहीच वाटलं तर अर्ज करू' असं म्हणणारे खूप असतात. आपल्या घरांत तर जास्तच. सरकारकडे हात पसरायचा नाही, ही भावना खोल असते. पण हा आपण स्वतः भरलेला विमा आहे आणि उशिराची किंमत मोठी आहे. सोशल सिक्युरिटी मागचे पैसे देते ते अर्जाच्या आधी जास्तीत जास्त बारा महिन्यांपर्यंतचेच.

त्याच बाईचं उदाहरण पुढे नेऊ. तिने जानेवारी २०२७ मध्ये अर्ज केला. अपंगत्व १५ मार्च २०२५ पासूनच मान्य झालं, तरी हक्क मागे जाऊन जाऊन जानेवारी २०२६ पर्यंतच जातो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२५ या चार महिन्यांचे पैसे बुडाले. आणि चोवीस महिने हक्काच्या महिन्यापासून मोजतात, त्यामुळे मेडिकेअरही सप्टेंबर २०२७ वरून जानेवारी २०२८ वर गेलं. पैशाचा तोटा लोकांना कळतो. विम्याचे चार महिने गेल्याचं मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही.

पाच महिने संपेपर्यंत अर्ज करता येत नाही, असाही एक गैरसमज आहे. आजार वर्षभर टिकणारा आहे असं डॉक्टरांच्या कागदांवरून दिसत असेल तर लगेच अर्ज करता येतो, आणि तो करावाच.

निर्णयाची वाट आणि कायद्यातली वाट

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. पाच आणि चोवीस महिने कायद्यात लिहिलेले आहेत. अर्जावर निर्णय यायला लागणारा वेळ वेगळा. पहिल्या निर्णयालाच हल्ली सहा महिन्यांहून जास्त लागतात आणि साधारण तीनात दोन अर्ज पहिल्या फेरीत नाकारले जातात. मग फेरविचार, त्यानंतर प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी, पुढे अपील्स कौन्सिल आणि शेवटी फेडरल कोर्ट. प्रत्येक पायरीवर साठ दिवसांची मुदत.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की ही लांबण कायद्यातल्या मुदतीवर आणखी चढत नाही. चोवीस महिने मंजुरीच्या दिवसापासून मोजत नाहीत, हक्काच्या महिन्यापासून मोजतात. आपल्या उदाहरणातल्या बाईने वेळेत अर्ज केला होता, तो दोनदा नाकारला गेला आणि सुनावणीनंतर ऑक्टोबर २०२७ मध्ये मंजूर झाला, तर तिची मेडिकेअरची वाट सप्टेंबरातच संपलेली असते. मागचे पैसेही एकदम मिळतात. वकिलाची फी त्यातूनच जाते: मागच्या पैशाच्या २५ टक्के, पण नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीपासून जास्तीत जास्त ९,२०० डॉलर.

सुनावणीत कधी कधी 'तारीख थोडी पुढे घेतलीत तर मंजूर करता येईल' असा प्रस्ताव येतो. मान्य करणं शहाणपणाचं असू शकतं. पण हो म्हणण्याआधी मेडिकेअर किती पुढे सरकतंय, हे वकिलाला विचारा. मागच्या पैशाचा हिशोब सगळे करतात, विम्याचा फार थोडे.

हे नियम आले कुठून

अपंगत्व विमा १९५६ साली आला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा विरोध होता, खाजगी विमा कंपन्यांचाही होता. सिनेटमध्ये ती दुरुस्ती ४७ विरुद्ध ४५ मतांनी कशीबशी पार पडली आणि आयझेनहॉवर यांनी कायद्यावर सही केली. इतक्या काठावर आलेल्या योजनेत खर्चाला लगाम घालणारी कलमं असणारच. सुरुवातीला पन्नाशी उलटलेल्यांनाच पैसे मिळत आणि थांबण्याचा काळ सहा महिन्यांचा होता. बरा होणारा माणूस तोवर बरा होईल, योजनेत येणार नाही, असा विचार त्यामागे होता. वयाची अट १९६० मध्ये गेली, सहाचे पाच महिने १९७२ च्या कायद्याने झाले.

मेडिकेअर १९६५ चं, तेही फक्त पासष्टीपुढच्यांसाठी. अपंग व्यक्तींना ते १९७२ च्याच कायद्याने लागू झालं आणि जुलै १९७३ पासून मिळू लागलं. चोवीस महिन्यांची अट तेव्हाच घातली गेली. कारणं तीन सांगितली जात: खर्च आटोक्यात ठेवणं, खाजगी विम्याची जागा न घेणं, आणि अपंगत्व गंभीर आणि दीर्घ आहे याची खात्री.

तिसरं कारण मला पटत नाही. ती खात्री करायलाच तर आधीची सगळी तपासणी आणि पाच महिने असतात. आणि दुसऱ्या कारणामागे गृहीत असं आहे की माणसाकडे दुसरा विमा असेल. पण या देशात कामकरी वयातल्या बहुतेकांचा विमा नोकरीला बांधलेला असतो आणि इथे नोकरीच गेलेली असते. उरतं पहिलं कारण, खर्चाचं. ते खरं आहे. ही अट काढायची विधेयकं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेत, अनेकदा मांडली गेली आणि खर्चाच्याच मुद्द्यावर अडकत आली.

अपवाद मोजके आहेत. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांना चोवीस महिने थांबावं लागत नाही. डायलिसिस सुरू झाल्यावर सहसा चौथ्या महिन्यापासून मेडिकेअर मिळतं, घरी डायलिसिस करायचं शिकत असाल तर पहिल्या महिन्यापासूनही. नोव्हेंबर १९७१ मध्ये शेप ग्लेझर नावाच्या रुग्णाने प्रतिनिधीगृहाच्या समितीसमोर, सगळ्यांच्या देखत, डायलिसिस करवून घेतलं होतं. पुढच्याच वर्षी हा अपवाद कायद्यात आला.

दुसरा अपवाद एएलएसचा, जिला लू गेरिगचा आजार म्हणतात. यात स्नायू एकेक करून निकामी होत जातात आणि अनेकांना चोवीस महिने मिळतच नाहीत. जुलै २००१ पासून त्यांच्यासाठी मेडिकेअरची वाट रद्द झाली. पाच महिन्यांची वाट मात्र तशीच होती, ती डिसेंबर २०२० मध्ये सही झालेल्या कायद्याने गेली. मधली एकोणीस वर्षं मरणाशी झुंजणाऱ्या माणसांनी ते पाच महिने काढले. शरीरभर पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी असाच अपवाद मागणारं विधेयक वारंवार आलं आहे.

कम्पॅशनेट अलाउन्सेस नावाची एक यादी आहे, २००८ पासूनची. त्यातल्या आजारांवर निर्णय फार लवकर होतो, पण वाट पाहण्याचे पाच आणि चोवीस महिने तसेच राहतात. निर्णय पंधरा दिवसांत आला तरी मेडिकेअर तेव्हाच मिळणार, जेव्हा मिळायचं. हे आधी माहीत नसेल तर फार मोठा धक्का बसतो.

आणखी एक: पूर्वी एसएसडीआय मिळत होतं, मग काम सुरू केलं आणि पाच वर्षांच्या आत पुन्हा अपंगत्व आलं, तर पाच महिने परत थांबावं लागत नाही आणि मेडिकेअरसाठी आधी भरलेले महिनेही धरले जातात.

मधली दरी कशी भरायची

नोकरीचा विमा संपला की पहिला पर्याय कोब्रा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीतून बाहेर पडल्यावर तोच विमा अठरा महिने चालू ठेवता येतो, मात्र हप्ता सगळा आपण भरायचा, १०२ टक्क्यांपर्यंत. अपंगत्व असेल तर आणखी अकरा महिने मिळतात. अठरा आणि अकरा, एकोणतीस! हा आकडा वरच्या पाच अधिक चोवीसशी बरोबर जुळतो. आपल्या उदाहरणात नोकरीचा विमा ३१ मार्च २०२५ ला संपला असेल तर कोब्रा १ एप्रिल २०२५ ते ३१ ऑगस्ट २०२७, आणि दुसऱ्या दिवशी मेडिकेअर. एक दिवसही उघडा राहत नाही.

पण त्या अकरा महिन्यांसाठी अटी आहेत. अपंगत्व कोब्राच्या पहिल्या साठ दिवसांच्या आत सुरू झालेलं हवं. सोशल सिक्युरिटीचं मंजुरीचं पत्र अठरा महिने संपायच्या आत यायला हवं, आणि आल्यापासून साठ दिवसांत त्याची प्रत विमा योजनेला पाठवायला हवी. पत्र मिळालं म्हणून हुश्श करून ते कपाटात ठेवलं की ही वाढीव मुदत हातची जाते. त्याच दिवशी प्रत काढा, पाठवल्याची पावती ठेवा. हप्ता या अकरा महिन्यांत १५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, तोही हिशोबात धरा.

कोब्रा परवडत नसेल तर मार्केटप्लेस, म्हणजे स्वतःचा आरोग्य विमा विकत घ्यायचा सरकारी बाजार. नोकरीचा विमा गेल्यापासून साठ दिवसांत तिथे नाव घालता येतं आणि २०१४ पासून जुन्या आजाराच्या कारणाने नकार देता येत नाही. हप्त्यात सवलत उत्पन्न बघून मिळते.

मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा, राज्याराज्यांत वेगळं आहे. चाळीस राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये ते नुसत्या कमी उत्पन्नावर मिळतं, अपंगत्वाचा निर्णय लागत नाही. एकट्या माणसाला २०२५ मध्ये ही मर्यादा महिन्याला सुमारे १,८०० डॉलर होती. एसएसडीआयचे पैसेही उत्पन्नात धरतात, तरी पुष्कळ जण त्यात बसतात. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया अशा राज्यांत हा मार्ग नाही. तिथे मूलबाळ नसलेल्या, उत्पन्न थांबलेल्या माणसाला मेडिकेडही नाही आणि मार्केटप्लेसची सवलतही नाही, कारण ती सवलत दारिद्र्यरेषेच्या वर सुरू होते. या नियमाचा सगळ्यात जास्त चटका तिथे बसतो.

एसएसआय नावाची, हाताशी फारसे पैसे नसलेल्यांसाठीची, वेगळी योजना आहे. तिला पाच महिन्यांची वाट नाही, कामाची क्रेडिट्सही लागत नाहीत, आणि बहुतेक राज्यांत तिच्यासोबत मेडिकेड मिळतं. पण शिल्लक एकट्याची २,००० आणि जोडप्याची ३,००० डॉलरच्या आत हवी (राहतं घर आणि एक गाडी सोडून), आणि नवरा किंवा बायको कमावत असेल तर तेही उत्पन्न बघतात. ही मर्यादा १९८९ पासून हललेली नाही. पाच महिने एसएसआयवर काढल्यावर एसएसडीआय सुरू झालं आणि रक्कम जास्त असली की एसएसआय बंद होतं. काही राज्यांत त्यासोबतचं मेडिकेडही जातं, आणि मेडिकेअर अजून दोन वर्षं लांब असतं. असं पत्र आलं तर मेडिकेडच्या दुसऱ्या कुठल्या गटात बसता येईल हे राज्याच्या कचेरीत विचारल्याशिवाय सोडू नका.

व्हिसावर असलेल्यांसाठी

एच-१बी वरच्या माणसाच्या पगारातूनही ही कपात होते आणि त्याची क्रेडिट्स जमा होतात. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे भारतातली नोकरीची वर्षं यात जोडता येत नाहीत. एसएसडीआयसाठी क्रेडिट्स आणि कायदेशीर वास्तव्य लागतं. मेडिकेअरबाबत मात्र जुलै २०२५ च्या कायद्याने दार अरुंद झालं: आता ते नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि क्युबा-हैतीहून आलेल्यांसारख्या मोजक्या गटांपुरतंच आहे. म्हणजे व्हिसावरच्या माणसाचे चोवीस महिने भरले तरी पुढे मेडिकेअर नाही. नोकरीतल्या खाजगी अपंगत्व विम्याचे कागद, म्हणजे तो किती दिवसांनी सुरू होतो (९० किंवा १८० दिवस हे नेहमीचे) आणि पगाराच्या किती टक्के देतो, हे अशा घरांनी आजच काढून बघावेत.

मेडिकेअर सुरू होताना

चोवीस महिने भरत आले की साधारण तीन महिने आधी कार्ड आपोआप घरी येतं. भाग ए, म्हणजे रुग्णालयाचा, बिनहप्त्याचा असतो. भाग बी, म्हणजे डॉक्टरांचा, याला हप्ता आहे. २०२५ मध्ये महिन्याला १८५ डॉलर. कार्डासोबत 'भाग बी नको असेल तर कळवा' असं लिहिलेलं असतं, आणि 'कोब्रा आहेच की' म्हणून काही जण नको कळवतात. तसं करू नका. कोब्रा हा चालू नोकरीचा विमा धरला जात नाही. भाग बी नाकारून नंतर घ्यायला गेलं तर दर बारा महिन्यांच्या उशिरामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, आणि पुन्हा नाव घालायला वर्षातून एकदा, जानेवारी ते मार्चमध्येच संधी मिळते. नवरा किंवा बायको नोकरीत असेल आणि त्यांच्या कंपनीच्या विम्यात तुमचं नाव असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे कंपनी शंभर माणसांपेक्षा मोठी आहे की लहान, हे विचारून मग ठरवा.